तांबडमाळची हिरवी रेघ

द्राक्षं आली की माझी नजर आधी देठांकडे जाते. गोडी नंतर. थंडी ओसरायला लागली की सांगलीत विश्रामबागच्या चौकात हातगाड्या उभ्या राहतात, गाडीवाला ‘खाऊन तर बघा ताई’ म्हणत एक मणी पुढे करतो, आणि मी मात्र घड उचलून हलकेच हलवून बघते. मणी टपटप सुटले, की मनात म्हणते, बाई गं, खड्ड्याखड्ड्यातून आलीस तू. गाडीवाल्याला वाटतं, ही आता भाव पाडणार. तो तोंड वाकडं करतो, मी मुकाट्यानं अर्धा किलो घेते, आणि घरी पोचेपर्यंत पिशवीतून येणारा वास मला दोन वर्षांमागच्या एका हंगामात नेऊन सोडतो.

मी नकाशे करते. शाळेत भूगोलाच्या वहीत महाराष्ट्र काढताना माझी कोकणपट्टी इतकी फुगायची, की बाई विचारायच्या, ‘अगं, समुद्राला जागा ठेवलीस का?’ त्याच मुलीला पुढे नकाशांनीच पोटाला लावावं, हा नशिबाचा विनोद. आता पेन्सिल लागत नाही. संगणकाच्या पडद्यावर नद्यांचा एक थर, कालव्यांचा एक, गावांचा एक, बाजारपेठांचा एक, असे एकावर एक घालत जायचं. आई म्हणते, ‘दिवसभर रंगीत दोरे बघत बसतेस.’ खोटं नाही ते.

त्या वर्षी आमच्या कचेरीकडे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचं काम आलं होतं. शेतातला आणि कारखान्यातला माल कुठून निघतो, कोणत्या रस्त्यानं जातो, कुठं अडतो, हे नकाशावर उतरवायचं आणि मालाच्या गाड्यांसाठी आधी कोणते रस्ते सुधारावेत ते सुचवायचं. त्यासाठी गावोगावच्या गाड्यांना एकेक डबी दिली होती, साबणाच्या वडीएवढी. गाडी कुठं आहे आणि तिला किती हादरे बसताहेत, हे ती डबी घडोघडी टिपून ठेवायची. हादरे कमी, तर पडद्यावर रेघ हिरवी. बेताचे, तर पिवळी. हाडं खिळखिळी होत असतील, तर लाल. लाल रेघांचे रस्ते पहिल्या टप्प्यात घ्यायचे. हिरव्यांचं काही बघायचं नाही, ते आपले सुखात आहेत असं समजायचं.

पुरेशा नोंदी जमल्यावर एका दुपारी मी सगळ्या गाड्या एकदम पडद्यावर सोडल्या. नोंदी पहाटेपासून पुढे पळवत नेल्या. आधी नुसता काळोख. मग वाड्यावस्त्यांवरून दुधाचे टेम्पो निघाले, एकेक ठिपका, झोपेतून उठल्यासारखा. मग कृष्णाकाठचे उसाचे ट्रॅक्टर फडाफडांतून बाहेर पडून कारखान्यांकडे ओढले जाऊ लागले. हळदीच्या गाड्या सांगलीत शिरल्या. शिरवळच्या कारखान्यांतले ट्रक हायवेला लागले, खंबाटकीच्या घाटात सगळ्यांची चाल मंदावली, घाट उतरल्यावर पुन्हा सुटली. आल्याच्या, बटाट्याच्या, कोंबड्यांच्या, सिमेंटच्या गाड्या. बघता बघता काळा पडदा उजळून निघाला.

मी इथंच जन्मले, इथंच वाढले. हळदीच्या दिवसांत शाळेला जाताना बुटांवर पिवळी भुकटी बसायची. उसाच्या ट्रॅक्टरवरची कर्कश गाणी ऐकतच मी दहावीचा अभ्यास केला, आणि त्या ट्रॅक्टरवाल्यांना मनापासून शिव्याही दिल्या. पण एवढी माणसं, एकमेकांना न ओळखता, एकमेकांना न विचारता, रोज उठून एवढं अफाट काहीतरी चालवताहेत, हे मला तोवर दिसलं नव्हतं. अंगावर काटा आला. डोळे भरून आले म्हटलं तरी चालेल. चहा कधी गार झाला कळलं नाही. मागून आमचे देसाईसाहेब म्हणाले, ‘आरती झाली असेल तर कामाला लागूया का?’

ती रेघ पहिल्यांदा दिसली ती त्यांनाच. वडूजच्या खालच्या अंगाला, माळावरच्या तांबडमाळ नावाच्या वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत गेलेली. इतकी हिरवीगार, की तिच्यापुढे हायवेही पिवळट वाटावा. ‘हा रस्ता ज्यानं केला त्याला हार घातला पाहिजे,’ साहेब म्हणाले. आमच्या जुन्या माहितीत तो रस्ता कच्चा होता. ठिपकेही इतके जवळजवळ पडलेले, की गाडी चालतेय की रांगतेय कळेना. गाडी जुनाट असेल, असं आम्ही धरून चाललो. तरी हार घालायच्या आधी एकदा बघून यावं, म्हणून मी निघाले.

मार्चचं ऊन होतं. आमच्या जीपच्या ड्रायव्हरनं अर्ध्या वाटेतच गाडी थांबवली, खाली वाकून बघितलं आणि मला हात जोडले. ‘मॅडम, खालनं दगड लागतोय. फुडं चालत जावा.’ मग मी चालत गेले. त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ जुन्या ओळखीपोटी. पाण्यानं कापलेल्या घळी, डोकं वर काढून बसलेले दगड, मधेच गुडघाभर धुरळा. दोन्ही बाजूंना उन्हानं पांढरं पडलेलं गवत, आणि लांब चढावर द्राक्षांचे मांडव, त्या वैराण माळात कुणीतरी हिरवी चटई वाळत घातल्यासारखे. हा दोन जिल्ह्यांतला सर्वांत उत्तम रस्ता! मला हसू आवरेना.

तेवढ्यात समोरून एक पिकअप आली. आली म्हणजे, येत राहिली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होते. पुढचं चाक दगडावर चढायचं, क्षणभर थांबायचं आणि पलीकडे असं उतरायचं, जसं झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं. घळ आली की गाडी तिरकी व्हायची आणि एकेक चाक वेगळं पार करायची. मागं द्राक्षांच्या पेट्या होत्या. गाडी चालवणारा पन्नाशीचा, पिकल्या दाढीचा, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस समोरच्या चार हात जमिनीपलीकडे काही बघतच नव्हता. मी गाडी चालवण्याला कौशल्य मानायचे, पण कला म्हणून पहिल्यांदा बघितलं ते तिथं. तो दस्तगीरभाई. वस्तीवरच्या सगळ्या बागांची द्राक्षं त्याच्याच पिकअपमधून मोठ्या रस्त्यापर्यंत जायची. तिथं व्यापाऱ्याचा ट्रक उभा असायचा.

शेजारच्या सीटवर एक बाई शालीत काहीतरी गुंडाळून, छातीशी धरून बसल्या होत्या. गाडी थांबली तशी मी खिडकीशी गेले आणि आवाज न करता विचारलं, ‘बाळ झोपलंय का?’

त्यांनी शाल अलगद उघडली. आत आमची डबी होती.

‘म्हागाचं यंत्र हाय म्हणं,’ त्या म्हणाल्या. ‘पयल्या दिवशी ह्या भावजींनी गाडीला बांधल्यालं. म्हनलं, आदळून फुटलं म्हंजी त्या हापिसातल्या पोरीवर यायचं. तवापासनं मीच मांडीवर घिऊन बसती.’

‘रोज?’

‘रोज. इस्वासानं दिल्याली वस्तू. जपाय नगं व्हय?’

मी रस्त्यातच दगडावर बसून हसले. दस्तगीरभाई आणि त्या शालनकाकू एकमेकांकडे बघू लागले. मग मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. डबीला हादरे बसायलाच हवे होते, तिला जपलं म्हणून नकाशात तांबडमाळचा रस्ता दोन जिल्ह्यांत सगळ्यांत चांगला ठरलाय, आणि चांगल्या रस्त्याला कुणी हात लावत नाही. दस्तगीरभाईनं कपाळावर हात मारून घेतला. काकू मात्र हसल्या नाहीत.

‘मग आमची बाग गेली,’ त्या म्हणाल्या.

शालनकाकूंचे मालक फौजेत सुभेदार, लांब सरहद्दीवर. माळावर बाग उभी केली ती काकूंनी एकटीनं, खडक फोडून, खड्ड्याखड्ड्यात बाहेरची माती भरून. वस्तीवर पहिली बाग त्यांची, मग बाकीच्यांच्या. परदेशी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यानं त्या वर्षी निरोप दिला होता, की यापुढे गार कंटेनर थेट बागेत येऊन भरणार, दोनदा चढउतार केलेला माल घेणार नाही. एवढा हंगाम आणि फार तर पुढचा सांभाळून घेऊ, तोवर जिथं कंटेनर पोचणार नाही तिथला व्यवहार बंद. या रस्त्यावर कंटेनर म्हणजे दिवास्वप्न. पहिल्या टप्प्यात रस्ता आला तर बाग राहणार, नाहीतर वेली उपटून पुन्हा ज्वारी पेरायची. आणि आमचा आराखडा द्राक्षांच्या हंगामाबरोबरच बंद व्हायचा होता.

डोळ्यांनी बघितलेलं आराखड्यात चालत नाही, डबीची नोंदच लागते, म्हणून आम्ही डबी गाडीच्या तळाशी पक्की स्क्रूनं आवळली. मी वस्तीवरच राहिले, काकूंच्या घरी. त्या दिवसांचे वास अजून अंगावर आहेत. पहाटे मांडवाखाली गेलं की पानांचा ओला, तुरट वास. कात्र्यांची किटकिट. बायका घड देठालाच धरायच्या, मण्याला बोट लावायच्या नाहीत, कारण मण्यावर पांढरी लव असते, बोट लागलं की ठसा उमटतो आणि माल परत येतो. ‘नव्या नवरीगत धरायची,’ एक म्हातारी मला शिकवत होती, आणि माझ्या हातातला पहिलाच घड बघून म्हणाली, ‘तुजं लगीन झालंया का? न्हाई ते बरं हाय.’

दुसऱ्या नोंदी आल्या. रेघ पिवळी. पोपटी म्हटली तरी चालेल. मला कळेना. दस्तगीरभाईला विचारलं, तर तो म्हणाला, ‘आवं मागं द्राक्षं हायती की. द्राक्षं घिऊन कसं हाणायचं?’

बरोबरच होतं. मग ठरलं, पेट्यांमध्ये तेवढ्याच वजनाचा मुरूम भरायचा. द्राक्षं नाहीत, भीती नाही, गाडी खुशाल जाऊ दे चारचौघांसारखी. काकूंनी आणि शेजारणींनी पाट्या भरभरून मुरूम टाकला. दस्तगीरभाईनं ‘बिस्मिल्ला’ म्हणून गाडी सुरू केली, मी शेजारी बसले, आणि आम्ही निघालो ते पुन्हा तसेच, दगडावर चढत, क्षणभर थांबत, हळुवार उतरत.

‘भाई, मुरूम आहे मागं.’

‘म्हाईत हाय की,’ तो म्हणाला. कपाळाला घाम आला होता. ‘पर पाय दाबत न्हाई, ताई. मी सांगतूय, त्यो ऐकंना.’

तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा रेघ पिवळी. देसाईसाहेबांना फोन लावला, तर ते म्हणाले, ‘एक विचारू? कंटेनर बागेत यायला लागल्यावर त्या पिकअपवाल्याच्या खेपांचं काय होणार?’

मला फोन हातातून ठेववेना. इतकं उघड होतं, आणि मी ते मनात येऊ दिलं नव्हतं. रस्ता झाला की दस्तगीरभाईचं काम संपत होतं. रस्ता लाल दिसू नये यात नफा कुणाचा असेल, तर तो एकट्या त्याचा. संध्याकाळी तो बांधावर बसला होता. रोजे चालू होते. दिवसभर उन्हात पाण्याचा थेंब न घेता गाडी चालवून ओठ सुकलेले. काकूंनी ताटलीत खजूर आणि बागेतला एक घड आणून ठेवला होता, आणि सूर्य बुडेपर्यंत त्यांनी स्वतःही चूळसुद्धा भरली नव्हती. ‘त्याच्याम्होरं कसं प्यायचं?’ म्हणाल्या. मी त्याच्याकडे चोरून बघत होते. त्याच्या हातांकडे बघत होते. आणि मला काही म्हणजे काही ठरवता येईना.

बांग झाल्यावर त्यानं खजूर खाल्ला, पाणी प्याला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तुमचं सायब काय म्हनालं, ते म्या वळखलंय. त्यांचं चुकलं न्हाई. मलाबी रातीला तेच वाटतं. पाय का दाबत न्हाई? सवय हाय का मनात चोर हाय? अल्लाला ठावं.’

काकू वाढत राहिल्या.

सकाळी तो गाडीजवळ उभा होता. त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. ‘तुमी चालवा.’

‘मी? भाई, मी विश्रामबागच्या बाहेर गाडी काढली नाही कधी.’

‘म्हणूनच म्हनतूय. उद्या कंटेनर घिऊन येनारा काय तांबडमाळात जल्मल्याला असनार हाय? त्यो तुमच्यावानीच येनार.’

साहेबांना विचारलं, त्यांनाही पटलं. मी चालवायला बसले, तो शेजारी. पहिल्याच दगडावर गाडी अशी आपटली, की माझे दात एकमेकांवर वाजले. मागं मुरुमाच्या पेट्या दणादण उडत होत्या. दर खड्ड्याला दस्तगीरभाईचा हात नकळत स्टिअरिंगकडे यायचा आणि तो दुसऱ्या हातानं त्याला मागं ओढायचा. ‘आवं हळू!’ असं तोंडातून निघून जायचं, आणि लगेच, ‘न्हाई न्हाई, हाणा. हाणा ताई.’ अर्ध्या वाटेत मी बघितलं, तर त्याचे डोळे गच्च मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. गाडी त्याची होती. हाडं त्याची मोडत होती. मी थांबू का विचारलं. त्यानं मान हलवली आणि मोठ्या रस्त्यापर्यंत ती तशीच नकारार्थी हलत राहिली.

रेघ लाल आली. मळवटासारखी लाल.

नंतर कितीतरी दिवस मी त्या दोन रेघा एकमेकींच्या शेजारी मांडून बघत बसायचे. रस्ता एकच, गाडी एकच, वजन एकच. एक पोपटी, एक लालभडक. या दोन रंगांमधलं जे अंतर आहे, ते एका माणसाच्या हातापायांत होतं. वर्षानुवर्षं तो ते सगळे हादरे स्वतः सोसून घेत होता, म्हणून परमुलखातल्या कुणाच्या तरी टेबलावर तांबडमाळचा घड आख्खा पोचत होता. आम्ही नकाशे करणारे म्हणतो, जे मोजता येतं तेच खरं. मी अजूनही म्हणते, पोटाचा प्रश्न आहे. पण पडद्यावर एखादी रेघ फार हिरवी दिसली की आता मी थबकते. तिथं कुणीतरी असेल, असं वाटतं. ट्रॅक्टरवर बसून झोप आवरणारा, घाटात ब्रेकवर पाय ठेवून जीव मुठीत धरणारा. दोन जिल्ह्यांच्या त्या उजळलेल्या जाळ्यात प्रत्येक धाग्याला असा एक जीव लोंबकळतोय, या विचारानं मला अक्षरशः भोवळ येते. साहेब म्हणतात, जेवत जा वेळेवर.

या वर्षी द्राक्षं चौकात आली, आणि मला राहवलं नाही. तांबडमाळला जाऊन आले. रस्ता पहिल्या टप्प्यात झाला. काळाभोर, कडेला पांढरे पट्टे, घळींवर मोऱ्या. बाग तशीच उभी आहे, आणखी दोन वाढल्या आहेत. सुभेदार निवृत्त होऊन घरी आलेत आणि काकूंच्या हाताखाली फवारणी शिकताहेत. ‘लय शिकवाय लागतंय,’ काकू त्यांच्यादेखतच म्हणाल्या. बागेच्या तोंडाशी कंटेनर उभा होता, पांढराशुभ्र, गार वाफ सोडत. चालक कुठला तरी उत्तरेकडचा, विशीतला. वस्तीचं नाव त्याला नीट घेताही येत नव्हतं.

परतताना मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला दस्तगीरभाई आला. पिकअपमध्ये मांडवाचे बांबू होते. कधी बांबू, कधी शेणखत, कधी लग्नाची भांडी, मिळेल ते नेतो म्हणाला. गेल्या वर्षीपर्यंतची खेपांची घाई आता नाही. चाल तीच, संथ. कधीकाळी खड्डा होता तिथं स्टिअरिंग अजून किंचित वळतं, हे मी बघितलं.

निम्म्या वाटेत मागून हॉर्न वाजला. कंटेनर भरून निघाला होता. दस्तगीरभाईनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कंटेनर आमच्या शेजारून वाऱ्यासारखा निघून गेला, चढ चढला, वळला आणि दिसेनासा झाला. मला वाटलं, आता तो काहीतरी कडू बोलेल. मी तयारच होते. काहीतरी समजुतीचं बोलायचं, म्हणून शब्दही जुळवत होते.

तो मात्र मान तिरकी करून, हात कानामागं धरून बसला होता.

‘ऐकलं का?’ तो कुजबुजला.

‘काय? मला काहीच ऐकू आलं नाही.’

‘तेच की,’ तो म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. ‘आख्खा कंटेनर गेला, ताई. आन आत एक पेटी वाजली न्हाई.’

गाडी सुरू करायला त्याला बराच वेळ लागला.